मापाची झडती

मेंदूच्या एमआरआयचा हल्लीचा सविस्तर अहवाल हाती घेतला, तर त्यात पांढऱ्या द्रव्याच्या आकारमानाचा एखादा रकाना सापडू शकतो. आकडा मिलिलिटरमध्ये असतो, दशांश चिन्हापुढे एखाददुसरा अंक असतो आणि त्या वयाच्या माणसात तो साधारण किती असावा तेही शेजारी छापलेले असते. पांढरे द्रव्य म्हणजे मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे गठ्ठे. या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते, म्हणून कापलेल्या मेंदूत ते पांढुरके दिसतात. बाहेरच्या सालीतले आणि आत खोल असलेल्या काही गाठींतले पेशींचे द्रव्य मात्र करडे. प्रौढ माणसाच्या मोठ्या मेंदूत पांढरे द्रव्य अदमासे साडेचारशे ते पाचशे मिलिलिटर भरते. कवटीला हातही न लावता हे सांगता येते, ही गोष्ट थोर आहे यात शंका नाही. पण दशांश चिन्हाचा एक दबदबा असतो. त्याच्यापुढे वाचणारा निमूट होतो आणि हा आकडा कोणी, कशाच्या आधारे काढला हे विचारायचे राहून जाते. मेंदू मोजण्याचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. मापे अधिकाधिक बारीक होत गेली हे खरे, पण ती विश्वासाला पात्र झाली ती बारीकपणामुळे नव्हे. ज्या वस्तूचे माप घेतले ती वस्तू जपून ठेवली गेली आणि दुसऱ्याला, विशेषतः विरोधकाला, तिचे माप पुन्हा घेता आले, तिथेच मापाला वजन आले. जिथे ही सोय नव्हती तिथे माप कच्चेच राहिले.

मेंदूत दोन रंगांची द्रव्ये आहेत हे काही नवे ज्ञान नाही. इटलीतल्या आर्कान्जेलो पिकोलोमिनीने १५८६ साली साल आणि गाभा असा भेद मांडला होता. १६६५ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये मेंदूवर व्याख्यान दिले. मेंदूबद्दल आपल्याला काही कळत नाही, अशी कबुली त्याने सुरुवातीलाच दिली, आणि पांढऱ्या द्रव्यातले धागे कुठून कुठे जातात त्याचा माग काढल्याशिवाय कळणारही नाही, असे बजावले. पुढे माँपेलियेचा रेमाँ व्ह्यूसाँ मेंदू तेलात उकळून घट्ट करू लागला आणि पांढरा गाभा खरवडून त्यातल्या वाटा शोधू लागला. त्याचा ग्रंथ १६८४ चा. ही सगळी मंडळी पाहत होती, चित्रे काढत होती, भांडत होती, पण मोजत नव्हती. ताजा मेंदू हातात धरला तरी बसकण मारतो. त्याला स्वतःचा आकार टिकवता येत नाही, मग आकारमान कोण काढणार? म्हणून मोजणीची सुरुवात झाली ती मेंदूपासून नाही, तर रिकाम्या कवटीपासून.

हायडलबर्गच्या फ्रीडरिख टीडमानने १८३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. कवटी आधी रिकामी तोलायची, मग तिच्यात सुके भरडधान्य भरून पुन्हा तोलायची आणि वजनांतल्या फरकावरून आतल्या जागेचा अंदाज बांधायचा, ही त्याची रीत. तिकडे फिलाडेल्फियात सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन या डॉक्टरने जगभरातून कवट्या जमवल्या होत्या. १८३९ च्या ‘क्रेनिया अमेरिकाना’ या ग्रंथासाठी त्याने चाळून एकसारख्या केलेल्या बारीक बिया वापरल्या. डोळ्यांच्या खोबणीकडची भोके कापसाने बुजवायची, कवटी उलटी धरून मणक्याच्या बाजूच्या मोठ्या छिद्रातून बिया ओतायच्या, हलवून-हलवून बसवायच्या, मग त्या खुणा केलेल्या नळकांड्यात रित्या करून घन इंच वाचायचे. ज्याने पायलीने धान्य मोजताना पाहिले आहे त्याला यातली गोम लगेच कळेल: माप आपटून भरले की वेगळे, अलगद भरले की वेगळे, शीग ठेवली की वेगळेच. मॉर्टनलाही ती कळली. बियांनी मोजलेली एकच कवटी दोन वेळांत चार घन इंचांपर्यंत फरक दाखवते, असे त्याने स्वतः नोंदवले आणि १८४० च्या दशकात बिया सोडून शिशाच्या छऱ्यांनी सगळे पुन्हा मोजायला घेतले. छऱ्यांचा फरक एका घन इंचाच्या आत राहिला. म्हणजे माप सुधारले. निष्कर्ष सुधारला का? मुळीच नाही. वंशांची उतरंड त्याने आधी जशी लावली होती तशीच राहिली आणि गुलामगिरीच्या समर्थकांच्या ती कामी आली. गुलामगिरीचा विरोधक असलेल्या टीडमानने मात्र स्वतःच्या मापांवरून सगळ्या वंशांच्या कवट्यांत सारखीच जागा असते, असे ठरवले होते.

या प्रकरणाचा पुढचा भाग जास्त बोधक आहे. १९७८ मध्ये स्टीफन जे गूल्डने मॉर्टनचे छापील तक्ते पुन्हा मांडले आणि आरोप केला की मॉर्टनने नकळत, आपल्या पूर्वग्रहाला सोयीचे होईल असे आकडे फिरवले. आरोप गाजला, पाठ्यपुस्तकांत गेला. पण गूल्डने एकही कवटी हातात घेतली नव्हती. कवट्या फिलाडेल्फियात शाबूत होत्या. २०११ मध्ये एका गटाने त्यांतल्या तीनशेच्या वर पुन्हा मोजल्या आणि मॉर्टनच्या मापांत पूर्वग्रहाच्या दिशेने झुकलेल्या चुका नाहीत, उलट गूल्डच्या हिशेबातच गफलती आहेत, असे दाखवले. हे वाचून काहींनी मॉर्टनला निर्दोष ठरवले. मग २०१८ मध्ये पॉल वुल्फ मिचेल या अभ्यासकाने टीडमान आणि मॉर्टन यांचे आकडे शेजारी ठेवले. ते बरेचसे सारखे होते! टीडमानने गटागटांतली मापे एकमेकांत किती मिसळलेली आहेत ते पाहिले, मॉर्टनने सरासऱ्यांची उतरंड पाहिली. माप अचूक असूनही माणूस चुकीच्या जागी पोचू शकतो, ही यातली एक गोष्ट. माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरी: मॉर्टनची चूक नेमकी कुठे होती, हे पावणेदोनशे वर्षांनी ठरवता आले ते कवट्या आणि तक्ते दोन्ही उरले होते म्हणून. नुसता निष्कर्ष उरला असता, तर आपण आजही त्यावर श्रद्धेने किंवा संतापाने बोलत बसलो असतो.

मराठी वाचकाला या परंपरेतले एक नाव घरचे आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. डाव्या-उजव्या बाजूंतला कवटीचा असमतोल युरोपीय गोऱ्यांत अधिक असतो आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, अशी फिशरची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा व असमतोलाचा संबंध दिसत नाही, असे लिहिले. गुरूच्या संस्थेत, गुरूच्या संग्रहावर, गुरूच्या कल्पनेविरुद्ध. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या जातिसमूहांची शारीरिक मापे घेतली, त्याबद्दल आज वेगळी चर्चा होऊ शकते. पण बर्लिनच्या त्या प्रबंधात मोजपट्टी जे सांगते तेवढेच सांगायचे धैर्य होते, आणि दुसऱ्याच्या संग्रहावर हात ठेवता आला म्हणून ते धैर्य कामी आले.

कवटी मोजून आतल्या दोन द्रव्यांची वाटणी मात्र कळत नाही. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वासिली डॅनिलेव्स्कीने १८८० साली त्यावर एक चतुर तोडगा काढला. करड्या द्रव्याची घनता वेगळी, पांढऱ्याची वेगळी. अख्ख्या मेंदूची घनता काढली की मिश्रणाच्या साध्या गणिताने दोघांचा वाटा निघायला हवा. कल्पना आर्किमिडीजला शोभेल अशी, पण अडचण जीवघेणी. दोन्ही घनतांतला फरक एका टक्क्याच्या आसपास, त्यामुळे तोलताना झालेली नखाएवढी चूक उत्तर पार उलटेपालटे करते. दुसरी वाट संथ आणि खात्रीची होती. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, त्याचे सारख्या जाडीचे काप करायचे, प्रत्येक कापावरचे पांढरे क्षेत्रफळ मोजून जाडीने गुणायचे आणि बेरीज घ्यायची. या हिशेबामागचे तत्त्व काव्हालिएरीने १६३५ मध्येच मांडले होते. संगणकाने या कामात पहिले पाऊल टाकले ते जिवंत माणसाच्या स्कॅनवर नव्हे, अशा कापांवर. इंग्लंडमध्ये मिलर, ऑल्स्टन आणि कॉर्सेलिस यांनी १९८० साली इमेज अ‍ॅनालायझरने मोजणी करून करड्या-पांढऱ्याचे प्रमाण विसाव्या वर्षी १.२८, पन्नाशीत १.१३ आणि शंभरीत १.५५ असे दिले. याचा अर्थ असा की आधी करडे कमी होते आणि पन्नाशीनंतर पांढरे झपाट्याने ओसरते. त्यांच्यापुढे आणखी एक पेच होता. नव्वदीत मेलेला माणूस एकोणिसाव्या शतकात जन्मलेला. त्या पिढीचे मेंदू मुळातच हलके होते असे मिलर आणि कॉर्सेलिस यांनीच आधी दाखवले होते. मग म्हातारपणी मेंदू आकसतो की जुन्या पिढीचाच लहान होता? असा प्रश्न स्वतःच्या आकड्यांना विचारणारे लोक मला नेहमी आवडतात. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये मेंदूचे आकारमान बदलते, मृत्यूनंतर पाणीही इकडचे तिकडे होते. म्हणून शवातला मेंदू हा जिवंत मेंदूचा प्रमाणदंड ठरत नाही. खरे उत्तर कुठे तरी तिजोरीत ठेवलेले आहे आणि पडताळायला तेवढे गाठायचे आहे, अशी स्थिती या विषयात कधीच नव्हती.

एमआरआयने हा पेच सुटेल असे वाटले होते. १९७१ मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डनला गॉडफ्री हाउन्सफील्डचा पहिला सीटी स्कॅन झाला, तेव्हा मेंदूतल्या पोकळ्या दिसल्या, पण करडे-पांढरे नीट वेगळे काढता येईना. लॉटरबर या शास्त्रज्ञाच्या १९७३ च्या प्रयोगातून वाढलेल्या एमआरआयने ते साधले, कारण त्याचा संकेत पाण्याच्या आणि स्निग्धतेच्या वागण्यावर ठरतो: मायलिनच्या शेजारचे पाणी चुंबकीय धक्क्यातून लवकर सावरते आणि टी-वन प्रकारच्या चित्रात ते द्रव्य उजळ दिसते. पण इथे एक गोष्ट हरवली, जी सीटीत होती. सीटीच्या आकड्याला एकक आहे. पाणी म्हणजे शून्य, मग ते मुंबईत असो की मिनेसोटात. टी-वन चित्रातल्या उजेडाला एकक नाही. एकाच माणसाचा मेंदू दोन यंत्रांत दोन वेगळ्या उजेडांत येतो. एवढेच नाही, एकाच चित्रात डावीकडचे पांढरे उजवीकडच्यापेक्षा मंद असू शकते, कारण यंत्राचे क्षेत्र सगळीकडे सारखे नसते. ही असमान छटा आधी पुसायची आणि मगच मोजायचे. १९९८ मध्ये मॉन्ट्रियलहून आलेली एन-थ्री ही पद्धत याच कामाची. थोडक्यात, मोजायच्या वस्तूवर मोजणीच्या आधीच संस्कार होतात.

मोजणी म्हणजे काय, तर चित्र एकेक मिलिमीटर बाजूच्या घनांचे बनलेले असते. अशा एका घनाला व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेल पांढरा, करडा की पाणी हे ठरवायचे आणि पांढरे मोजायचे. गाभ्यातले व्हॉक्सेल ठरवणे सोपे. भांडण असते सीमेवर, जिथे एका घनात दोन्ही द्रव्ये अर्धी-अर्धी असतात. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या समजुतीने निवाडा करते. ऑक्सफर्डच्या एफएसएलमधले फास्ट शेजाऱ्यांना विचारते: आजूबाजूचे पांढरे असतील तर हाही बहुधा पांढराच. लंडनचे एसपीएम आधीच तयार असलेल्या सरासरी नकाशाला विचारते: या जागी पांढरे असण्याचा संभव किती? बॉस्टनचे फ्रीसर्फर मेंदूची साल ही एक अखंड, कुठेही न फाटलेली चादर आहे असे धरून तिच्या आतली सीमा ओढते. या तिन्ही समजुती वाजवी आहेत आणि तिन्ही वेगळ्या आहेत. फ्रीसर्फर वापरणाऱ्यांना पडद्यावरची ती पिवळी रेघ चांगली ठाऊक असते: आत पांढरे, बाहेर करडे. कानशिलामागच्या भागात ती हमखास आत-बाहेर भरकटते. मग माणूस माउसने ‘इथले नक्की पांढरे’ असे ठिपके ठेवतो आणि रेघ पुन्हा ओढायला लावतो. आता एक हिशेब करून पाहू. घड्या उलगडल्या तर या सीमेचे क्षेत्रफळ साधारण १,७०० चौरस सेंटिमीटर भरते. ती रेघ सगळीकडे फक्त एक दशांश मिलिमीटर आत सरकली, तर सतराएक मिलिलिटर पांढरे द्रव्य करड्याच्या खात्यात जाते. एकूण पांढऱ्याचे ते तीन-चार टक्के. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचा अख्खा मेंदू वर्षाला साधारण अर्धा ते सव्वा टक्का आकसतो, हे लक्षात घेतले की दशांश मिलिमीटरची किंमत कळते.

इथे एक आक्षेप येणारच. माणसाचा हात थरथरतो, डोळा थकतो, पूर्वग्रह आड येतो. सॉफ्टवेअर तर तेच चित्र शंभर वेळा दिले तरी तेच उत्तर देते. मग ते मॉर्टनच्या छऱ्यांपेक्षाही शुद्ध नाही का? उत्तर असे की तेच उत्तर पुन्हा येणे आणि बरोबर उत्तर येणे या दोन गोष्टी आहेत. छऱ्यांनी मॉर्टनला पहिली दिली होती. शिवाय ‘तेच उत्तर’ हेसुद्धा अटींसह आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या अभ्यासकांनी तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून, वेगवेगळ्या संगणकांवर चालवले. आवृत्ती बदलली की मेंदूच्या भागांचे आकारमान सरासरी ८.८ टक्क्यांनी हलले. काही भागांत तर फरक ६४ टक्क्यांपर्यंत गेला. मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलल्यानेही आकडे सरकले. मेंदू तोच, चित्र तेच. हा शोध कोणाला सॉफ्टवेअरची नाचक्की वाटेल. मला तो सॉफ्टवेअरच्या बाजूचा पुरावा वाटतो, कारण डॅनिलेव्स्कीच्या तराजूवर असा प्रयोग आज करता येणार नाही. आवृत्तीला क्रमांक होता, स्कॅन जपलेले होते, म्हणून चूक पकडता आली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: सॉफ्टवेअर मोजते ते पांढरे द्रव्य आहे की फक्त उजेड? खरे सांगायचे तर उजेडच. सहा-आठ महिन्यांच्या बाळात मायलिन अजून चढत असते, त्यामुळे करडे आणि पांढरे एकसारखेच दिसतात आणि मोठ्या माणसांसाठी घडवलेले सॉफ्टवेअर तिथे चाचपडते. वृद्धाच्या पांढऱ्या द्रव्यात लहान रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले डाग टी-वन चित्रात काळपट दिसतात. लक्ष दिले नाही तर ते करडे म्हणून गणले जातात, म्हणजे आजाराचेच माप निरोगी करड्याच्या खात्यात जमा. पाणी हा तर रोजचाच गोंधळ. २००५ मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी माणसांना सोळा तास पाण्यावाचून ठेवले, तेव्हा मेंदूचे आकारमान सुमारे अर्ध्या टक्क्याने घटले आणि पाणी प्यायल्यावर भरून आले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सूज उतरवणारे औषध सुरू केले की मेंदू आकसल्यासारखा दिसतो, खरे तर रुग्ण सुधारत असतो. आणि आकारमान म्हणजे तंतू नव्हेत. डेन्मार्कमधल्या शवांवरच्या २००३ च्या मोजणीनुसार विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत मायलिनचे वेष्टण असलेले तंतू एकापुढे एक ठेवले तर १,७६,००० किलोमीटर भरतात आणि ऐंशीपर्यंत त्यातले सुमारे ४५ टक्के जातात. आकारमानाची घट याच्या जवळपासही नसते. स्टेनोने सांगितलेले माग काढण्याचे काम मिलिलिटरांनी होत नाही.

मग पांढरे द्रव्य कोणत्या वयात सर्वांत जास्त असते, या साध्या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी यावीत यात नवल नाही. २००१ मध्ये जॉर्ज बार्टझोकिस यांनी फक्त पुरुषांच्या कपाळामागच्या भागासाठी ४४ आणि कानशिलामागच्या भागासाठी ४७ वर्षे हे उत्तर दिले. २०२२ मध्ये १,०१,४५७ माणसांचे १,२३,९८४ स्कॅन एकत्र करून जे आलेख निघाले, त्यांत संपूर्ण पांढऱ्या द्रव्याचा कळस २८.७ वर्षांवर आला. दोन्हींत पंधरा वर्षांहून जास्त अंतर. भाग वेगळे, चित्र घेण्याची रीत वेगळी, माणसे वेगळी. सगळेच आकडे बिनकामाचे, असा निष्कर्ष काढणारे यातून उभे राहतात, पण मला ते पटत नाही. दोन्ही अभ्यासांत वाढ विशीपलीकडे चालू राहते, आणि शवांवरची १९८० ची वेगळ्याच हत्याराने केलेली मोजणीही उतारवयातल्या घसरणीबद्दल त्याच दिशेने बोलते. शिवाय एकाच माणसाचे दोन स्कॅन, त्याच यंत्रावर आणि त्याच आवृत्तीतून मोजले, तर सीमेची चूक दोन्हीकडे बरीचशी सारखीच होते आणि वजाबाकीत जाते. निरपेक्ष आकडा डळमळीत असला, तरी फरक बऱ्यापैकी भक्कम असू शकतो. असू शकतो म्हणतो, कारण हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते, आणि तपासायला मूळ चित्रे हाताशी लागतात. म्हणून या क्षेत्रातली गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी घटना मला कोणतेही सॉफ्टवेअर वाटत नाही. २००४ मध्ये अल्झायमरसाठी सुरू झालेला एडीएनआय प्रकल्प, २००७ मध्ये सेंट लुइसहून ४१६ माणसांचे स्कॅन कोणालाही खुले करणारा ओएसिस, आणि त्यांच्या वाटेने आलेले पुढचे संग्रह, ही ती घटना. मॉर्टनच्या फळ्यांवरच्या कवट्यांची जागा यांनी घेतली आहे.

सरासरी नकाशाचा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. जगभर वापरला जाणारा नमुना मॉन्ट्रियलमध्ये १५२ माणसांच्या स्कॅनवरून घडवलेला. त्याच्याशी ज्याचा मेंदू जुळत नाही त्याचे चित्र ओढूनताणून बसवावे लागते. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये २१ ते ३० वयाच्या ५० स्त्रिया आणि ५० पुरुषांच्या स्कॅनवरून भारतीय नमुना तयार केला. तो पाश्चात्त्य, चिनी आणि कोरियन नमुन्यांपेक्षा उंची-रुंदीला लहान निघाला. बातम्यांत त्याचे रूपांतर ‘भारतीयांचा मेंदू लहान’ असे झाले आणि मॉर्टन क्षणभर पुन्हा बोलू लागला. त्या नमुन्याचा हेतू चित्रे नीट जुळवून सीमा बरोबर पडावी एवढाच होता. शरीराच्या उंचीबरोबर मेंदूचे आकारमान बदलते आणि शंभर तरुणांवरून सव्वाशे-दीडशे कोटींबद्दल बोलायचे नसते, हे मथळा लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नसावे.

खुलेपणाची किंमत मात्र मोजावी लागते, आणि माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. मॉर्टनच्या कवट्या फेरतपासणीसाठी उपलब्ध राहिल्या हे खरे, पण त्यांतल्या कित्येक थडगी उकरून आणलेल्या होत्या आणि कोणाची परवानगी घेतलेली नव्हती. संग्रह सांभाळणाऱ्या पेन म्युझियमने २०२१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. स्कॅन देणारा माणूस संमती देतो, तरी त्याच्या चित्रात त्याचा चेहरा असतो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ८४ स्वयंसेवकांपैकी ७० जणांचे स्कॅन त्यांच्या छायाचित्रांशी बरोबर जुळवले. उपाय म्हणून संग्रहात देण्याआधी चित्रातून नाक-डोळ्यांचा भाग खोडतात. त्यानेही मापात थोडाफार फरक पडतो. म्हणून सगळे खुले करा, असे सरसकट म्हणता येत नाही. संमतीने, चेहरा झाकून, अर्ज करणाऱ्या अभ्यासकाला, अशा पायऱ्या लागतात, आणि त्यांनी काम मंदावते. मला ते मंदावणे मान्य आहे. बंद कपाट मान्य नाही.

बंद कपाट आज संशोधनात कमी आणि दवाखान्यात जास्त आहे. न्यूरोक्वांट या व्यापारी सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्येच परवानगी दिली; आता असे डझनभर कार्यक्रम आहेत आणि त्यांचे रंगीत आलेख स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या फाइलमध्ये लागतात. त्यांची सीमा कशी ओढली जाते आणि तुलनेला घेतलेली ‘सामान्य’ माणसे कोण होती, हे बहुधा कंपनीच जाणते. अहवालावर सॉफ्टवेअरचे नाव असते, आवृत्ती असेलच असे नाही, आणि स्कॅन कोणत्या रीतीने घेतला ते शोधावे लागते. घरातल्या कोणाचा असा अहवाल आला आणि वर्षभराने दुसरा स्कॅन करायचा ठरला, तर छापील आकड्यांची वजाबाकी करून काही हाती लागणार नाही. पहिल्या वेळची सीडी असेल, तर दोन्ही स्कॅन एकाच दिवशी, एकाच आवृत्तीतून पुन्हा मोजून मागता येतात; नसेल, तर पहिला आकडा कसा आला हे कोणालाच पाहता येणार नाही.